कॅथलिक संतांविषयी मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जन्म वसईचा, नोकरी मुंबईत, आडनाव पोर्तुगीज आणि बोलणं मराठी. त्यामुळे डबा खाताना कोणी ना कोणी विचारतंच: तुमच्यात संत म्हणजे नक्की काय रे? वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. मी धर्मगुरू नाही आणि इतिहासाचा प्राध्यापकही नाही. पण संतांची चरित्रं वाचायचा नाद लहानपणापासून आहे. वाचताना माझं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: नोंद कुठे संपते आणि आख्यायिका कुठून सुरू होते.

ज्ञानोबा-तुकोबांना कोणी दाखला दिला नाही. तुमच्या संतांना रोमचा शिक्का का लागतो?

सुरुवातीला त्यांनाही लागत नव्हता. पहिली हजारेक वर्षं लोकच ठरवायचे.

स्मर्नाचे बिशप पॉलिकार्प यांचं उदाहरण घ्या. हे शहर म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमिर. साधारण इ. स. १५५ मध्ये रोमन अधिकाऱ्याने भरल्या मैदानात म्हाताऱ्या पॉलिकार्पना सांगितलं, ख्रिस्ताला शिव्या दे, सोडून देतो. ते म्हणाले, ८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू? त्यांना मारलं, देह जाळला. नंतर तिथल्या मंडळींनी दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं, ते आजही वाचायला मिळतं. त्यात म्हटलंय की त्यांच्या अस्थी आम्ही गोळा केल्या, त्या आम्हाला रत्नांहून मोलाच्या आहेत, आणि दरवर्षी त्या दिवशी आम्ही तिथे जमणार आहोत. मृत्यूच्या दिवसाला त्यांनी ‘जन्मदिवस’ म्हटलं आहे. आमच्याकडे संताचा सण बहुतेक वेळा त्याच्या मृत्यूच्या तारखेला का येतो, याचं मूळ इथे आहे. पुण्यतिथी पाळणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पहिले संत सगळे असे रक्तसाक्षी होते, म्हणजे श्रद्धेपायी जीव दिलेले. चौथ्या शतकात छळ थांबला, तेव्हा अंथरुणावर शांतपणे मेलेला माणूसही संत असू शकतो हे लोकांनी मान्य केलं. फ्रान्समधल्या तूरचे मार्टिन (मृत्यू ३९७) हे अशा पहिल्या काही जणांपैकी. सैनिक असताना त्यांनी आपला झगा तलवारीने कापून अर्धा एका भिकाऱ्याला दिला, ही त्यांची गोष्ट.

पुढे गडबड होऊ लागली. गावोगाव ज्याचा त्याचा संत. बाराव्या शतकात पोप तिसरे अलेक्झांडर यांनी स्वीडनच्या राजाला पत्रातून झापलं होतं, कारण तिथे दारूच्या नशेत मारल्या गेलेल्या एका माणसाला लोक संत मानून भजत होते. असे प्रकार वाढले तसा रोमने लगाम हातात घेतला. पोपने रीतसर जाहीर केलेले पहिले संत म्हणजे जर्मनीतल्या आउग्सबुर्गचे बिशप उलरिख, साल ९९३. १२३४ मध्ये हा अधिकार फक्त पोपचा, असा कायदाच झाला. १५८८ मध्ये या कामासाठी रोममध्ये स्वतंत्र खातं निघालं.

म्हणजे पोप संत बनवतात?

नाही. चर्चच्या समजुतीनुसार तो माणूस आधीच स्वर्गात आहे. पोप ते फक्त जाहीर करतात. ज्यांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत अशा संतांसाठी १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण असतो. माझ्या मते वर्षातला सगळ्यात रास्त सण तो.

आज नेमकी प्रक्रिया काय असते?

माणूस गेल्यावर साधारणपणे ५ वर्षं थांबतात, म्हणजे ताजं भावनेचं भरतं ओसरतं. मग तो जिथे वारला तिथले बिशप चौकशी सुरू करतात. पत्रं, वह्या, साक्षी, सगळं गोळा होतं. विरोधात बोलणाऱ्यांच्याही साक्षी घेतात. या टप्प्यावर त्या व्यक्तीला ‘देवाचा सेवक’ म्हणतात. फाइल रोमला जाते, गुण तपासले जातात, मग ‘वंदनीय’. एक चमत्कार सिद्ध झाला की ‘धन्यवादित’. आणखी एक झाला की संत. रक्तसाक्षींना धन्यवादित होण्यासाठी चमत्कार लागत नाही.

पूर्वी या खटल्यात विरुद्ध बाजूने भांडणारा एक अधिकारी असायचा. त्याला लोक ‘सैतानाचा वकील’ म्हणत. उमेदवाराचे दोष शोधायचे, चमत्कारावर शंका घ्यायची, हेच त्याचं काम. १९८३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी पद्धत बदलली आणि हा वकील जवळजवळ गेला. त्यानंतर संतांची संख्या झपाट्याने वाढली. या पोपनी एकट्याने ४८२ जणांना संत जाहीर केलं. मला विचाराल तर तो वकील राहायला हवा होता. मदर तेरेसांच्या चौकशीत त्यांचे कडवे टीकाकार ख्रिस्तोफर हिचन्स यांची साक्ष चर्चनेच घेतली होती. हिचन्स म्हणाले, सैतानाची वकिली मी फुकटात केली.

चमत्कार म्हणजे काय धरतात? आणि तुम्हाला ते पटतं?

बहुतेक वेळा आजार बरा होणं. अट अशी की आजार गंभीर हवा, गुण अचानक आणि पूर्ण यायला हवा, तो टिकायला हवा, आणि वैद्यकशास्त्राला त्याचं कारण देता येऊ नये. ते ठरवायला डॉक्टरांचं मंडळ असतं. ते ‘चमत्कार’ हा शब्द वापरत नाहीत, फक्त ‘कारण सांगता येत नाही’ एवढंच म्हणतात. पुढचं काम धर्मपंडितांचं.

पटण्याचं म्हणाल तर काही पटतात, काही नाही. मदर तेरेसांच्या पहिल्या चमत्काराबद्दल बंगालमधल्या डॉक्टरांनीच उघड शंका घेतली होती. औषधांनी गाठ गेली, असं त्यांचं म्हणणं. तरी २०१६ मध्ये त्या संत झाल्या. त्यांच्या बाबतीत रस्त्यावरून उचलून आणलेली माणसं मला त्या गाठीपेक्षा मोठा पुरावा वाटतात. पण नियम नियम आहे.

संत व्हायला किती वेळ लागतो?

पादुआचे अँथनी १३ जून १२३१ ला वारले आणि ३० मे १२३२ ला संत झाले, वर्षसुद्धा भरलं नव्हतं. जोन ऑफ आर्कना १४३१ मध्ये चर्चच्याच न्यायालयाने पाखंडी ठरवून जाळायला लावलं, तेव्हा वय १९च्या आसपास. १४५६ मध्ये तो निकाल रद्द झाला आणि संतपद मिळालं १९२० मध्ये. इटलीतल्या ओत्रांतोचे ८१३ लोक १४८० मध्ये तुर्की स्वारीत मारले गेले; त्यांना २०१३ मध्ये एकाच दिवशी संत जाहीर केलं.

वसईचा एक संत आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि भारतात जन्मलेले ते पहिले संत. गोन्सालो गार्सिया. वसईत त्यांच्या नावाने कॉलेज आहे, गास गावात चर्च आहे, पण त्या कॉलेजात शिकलेल्या दहा जणांना विचारलंत तर नऊ जण ‘जपानात मारलं त्यांना’ याच्या पुढे जाणार नाहीत. म्हणून जरा सविस्तर.

जन्म १५५६-५७च्या सुमारास, वसईत. वडील पोर्तुगीज, आई इथली. शिकले जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यांकडे, आणि पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथे काही वर्षं धर्मशिक्षक म्हणून काम केलं आणि जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. जेझुइट व्हायची फार इच्छा होती. जेझुइटांनी घेतलं नाही. तेव्हा माणसाने काय केलं? व्यापारात पडला. धंदा चांगला चालला, समुद्रावर येणं-जाणं वाढलं, आणि त्यातून मनिलाला पोचल्यावर तिथल्या फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाच्या मंडळींनी त्यांना साधा ब्रदर म्हणून घेतलं. पाद्री ते कधीच झाले नाहीत.

१५९३ मध्ये फिलिपिन्समधून फ्रान्सिस्कन पेद्रो बाउतिस्ता यांना जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे दूत म्हणून पाठवलं, तेव्हा दुभाषा म्हणून हा वसईकर सोबत गेला. जी भाषा जेझुइटांच्या हाताखाली शिकले ती फ्रान्सिस्कनांच्या कामी आली. तीनेक वर्षं बरी गेली. मग १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, मालावरून तंटा झाला आणि परदेशी पाद्री म्हणजे स्वारीची पहिली पायरी, असा हिदेयोशींचा समज पक्का झाला. २४ जणांना पकडून प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि भर थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत महिनाभर चालवत नेलं. वाटेत आणखी दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ क्रूस उभे केले. माणसांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकलं. त्यांत १७ साधे जपानी लोक होते. सगळ्यात लहान मुलगा १२ वर्षांचा.

१६२७ मध्ये ते धन्यवादित झाले, १८६२ मध्ये संत. सार्वत्रिक कॅथलिक पंचांगात ६ फेब्रुवारीला हा सण जपानी जेझुइट ‘पॉल मिकी आणि सोबती’ या नावाने येतो. आमचा गोन्सालो त्या सोबत्यांत. मला त्यांच्या चरित्रातली मधली वर्षं जास्त जवळची वाटतात. नकार मिळालेला, मालाचे हिशेब ठेवणारा माणूस. लहानपणी चर्चमधल्या प्रवचनात तो भाग दोन वाक्यांत उरकायचे.

सेंट झेवियरचं शव खरंच जसंच्या तसं आहे?

जसंच्या तसं नाही. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले आणि ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर वारले. लवकर हाडं मोकळी व्हावीत म्हणून शवाभोवती चुना घातला होता. काही महिन्यांनी उकरलं तर देह शाबूत. मग मलाक्का, आणि १५५४ मध्ये गोवा. इथपर्यंत त्या काळच्या साक्षी आहेत. पुढे उजव्या हाताचा कोपराखालचा भाग १६१४ मध्ये रोमला नेला, इतर तुकडेही ठिकठिकाणी गेले. एका बाईने दर्शनाच्या वेळी पायाचं बोट दातांनी तोडून नेलं, ही गोष्ट गोव्यात सगळे सांगतात. आज जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये चांदीच्या पेटीत सुकलेला देह आहे आणि चर्चही त्याला ‘पवित्र अवशेष’ म्हणतं. दर दहा वर्षांनी तो दर्शनासाठी खाली उतरवतात. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं होतं.

‘गोंयचो सायब’ म्हणून त्यांच्यापुढे सगळ्या धर्मांचे लोक हात जोडतात. त्याच वेळी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन (पाखंड्यांना शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) आणा, असं त्यांनीच सुचवलं होतं, हेही खरं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये आलं आणि गोव्याने त्याचे हाल सोसले. संत म्हणजे कधी न चुकलेला माणूस, असं चर्चचंही म्हणणं नाही.

गोव्याचे स्वतःचे संत?

जोसेफ वाझ, बाणावलीत २१ एप्रिल १६५१ ला जन्मलेले. श्रीलंकेत डचांनी कॅथलिक धर्मावर बंदी घातली होती. हे १६८७ मध्ये मजुराच्या वेशात, अनवाणी तिथे शिरले. कँडीच्या राजाने हेर समजून तुरुंगात टाकलं, पुढे त्याच राजाचा आश्रय मिळाला. १६९७ मध्ये देवीची साथ आली तेव्हा लोक रोग्यांना सोडून पळत होते आणि हे त्यांची सेवा करत होते. १७११ मध्ये कँडीतच वारले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं, तेही दुसऱ्या चमत्काराची अट माफ करून.

बुद्धालाही कॅथलिक चर्चने संत केलं होतं, ही अफवा ना?

अफवा नाही, आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

मध्ययुगीन युरोपात ‘बारलाम आणि जोसाफात’ ही संतकथा घरोघरी ठाऊक होती. भारतातला एक राजा. ज्योतिषी सांगतात, मुलगा संन्यासी होईल. राजा त्याला महालात कोंडून वाढवतो. तरी मुलाला रोगी दिसतो, म्हातारा दिसतो, मरणाची जाणीव होते, आणि तो राज्य सोडतो. फरक एवढाच की इथे त्याला बारलाम नावाचा ख्रिस्ती साधू भेटतो. नावाचा प्रवास असा: बोधिसत्त्वाचं अरबीत ‘बुदासाफ’ झालं. अरबी लिपीत ब आणि य यांत एका टिंबाचा फरक. कोणा लेखनिकाच्या हातून टिंब वाढलं आणि ‘युदासाफ’ झालं. तिथून जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन, आणि शेवटी संत जोसाफात, सण २७ नोव्हेंबर. रोमच्या अधिकृत संतयादीतही हे नाव कैक वर्षं होतं.

त्यात कान्हेरीचा एक किस्सा आहे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कोउतो साष्टी बेटावर कान्हेरीची लेणी पाहायला आला होता. ही कोणी कोरली, असं त्याने एका म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा म्हणाला, संत जोसाफातच्या बापाने, पोराला कोंडून ठेवायला! बौद्ध लेणी, तिथला ख्रिस्ती म्हातारा, आणि उत्तर चुकूनही जवळजवळ बरोबर. बुद्ध आणि जोसाफात यांच्या गोष्टी सारख्या आहेत, हे कोउतोने तेव्हाच लिहून ठेवलं.

मग असे खोटे संत काढून टाकले का? व्हॅलेंटाइनलाही काढलं ना?

१९६९ मध्ये पंचांग आवरलं. ज्यांच्याबद्दल फारसं काहीच माहीत नाही असे बरेच सण जगभराच्या यादीतून गेले. त्यांत १४ फेब्रुवारीचे व्हॅलेंटाइन आणि प्रवाशांचे ख्रिस्तोफर आले. संतपद काढून घेतलं नाही, सण सक्तीचा राहिला नाही एवढंच. टॅक्सीतला ख्रिस्तोफर आहे तिथेच आहे.

स्त्रिया किती? की सगळ्या कुमारी आणि राण्या?

पर्पेतुआ आई होती. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये २०३ साली तिला पकडलं, वय २२, अंगावर पिणारं बाळ. तुरुंगात तिने स्वतः लिहिलेली वही टिकली आहे. अंधाराने ती घाबरली, बाळ भुकेने मलूल झालं, मग बाळ तुरुंगात जवळ ठेवायला मिळालं तेव्हा ‘तुरुंग माझा महाल झाला’. इतक्या जुन्या काळातलं बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं फारच थोडं उरलंय. तिच्याबरोबर फेलिसितास नावाची गरोदर दासी होती, ती तुरुंगातच बाळंत झाली. सण ७ मार्च.

सुदानची जोसेफिन बाखिता इतकी लहान असताना पळवली गेली की स्वतःचं नाव विसरली. ‘बाखिता’ म्हणजे अरबीत भाग्यवान. हे नाव तिला पळवणाऱ्यांनी ठेवलं. पुढे इटलीत कायद्याने तिला मुक्त ठरवलं, ती धर्मभगिनी झाली आणि २००० मध्ये संत.

आणि आविलाच्या तेरेसा, ज्यांनी सोळाव्या शतकात स्पेनभर खेचरांच्या गाड्यांतून हिंडून मठ काढले. त्या ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री वारल्या. दुसरा दिवस उजाडला तो १५ ऑक्टोबर, कारण त्याच रात्री जुनं पंचांग संपून पोप ग्रेगरींचं सुरू झालं. म्हणून त्यांचा सण १५ ला.

आजच्या काळातलं कोणी?

माक्सिमिलियन कोल्बे. १९४१ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत दहा जणांना उपाशी मारायला निवडलं. एक जण बायकामुलांच्या नावाने रडू लागला. कैदी क्रमांक १६६७०, म्हणजे कोल्बे, पुढे येऊन म्हणाले, याच्याऐवजी मी. १९८२ मध्ये त्यांना संत जाहीर केलं तेव्हा तो वाचलेला माणूस समारंभात हजर होता. त्याआधी कोल्बे काही वर्षं जपानात होते आणि त्यांनी मठ काढला तो नागासाकीला, गोन्सालोच्याच गावी म्हणायचं.

अगदी नव्यांपैकी एक म्हणजे कार्लो आकुतिस, जन्म १९९१, रक्ताच्या कर्करोगाने १५व्या वर्षी गेले, ७ सप्टेंबर २०२५ ला संत झाले. असिसीत काचेच्या थडग्यात जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घालून ठेवलं आहे. माझ्या भाचीला तेवढंच लक्षात राहिलं.

संतांची पूजा करता की नाही?

आराधना फक्त देवाची. संतांचा आदर करतो आणि आमच्यासाठी देवाकडे शब्द टाका म्हणून विनवतो. हा फरक ७८७ च्या निकेया परिषदेत लिहून ठेवलाय. मेणबत्त्यांच्या गर्दीत तो नेहमी दिसतोच असं नाही, हे कबूल.

मराठीत संतचरित्रं आहेत?

१७व्या शतकापासून! फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चं, ते सगळ्यांना माहीत. पण त्यानंतर काही वर्षांतच एका फ्रेंच जेझुइटाने, एतिएन द ला क्रुआ यांनी, संत पीटरवर मराठी ओवीबद्ध पुराण रचलं. छापलं मात्र रोमन लिपीत, कारण इथल्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते.

हरवलेली वस्तू सेंट अँथनी शोधून देतो, खरं?

मूळ गोष्ट अशी की मठातला एक नवशिका अँथनींची स्तोत्रांची पोथी घेऊन पळाला, त्यांनी प्रार्थना केली आणि तो पोथी घेऊन परत आला. वस्तू सापडली की गरिबांच्या पेटीत पैसे टाकायचे, हा रिवाज. माझी आजी चष्म्यासाठी आठवड्यातून दोनदा अँथनीला साकडं घालायची. चष्मा बहुतेक वेळा तिच्या कपाळावरच असायचा. रविवारी पैसे मात्र पेटीत पडायचेच, दोनदाचे.